सत्तावीस, बहात्तर आणि आपण

रविवार. सकाळचे साडेदहा. आठवडाभराचे कपडे मशीनमध्ये गरगरतायत, रूममेट अजून उठलेला नाही आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन लॅपटॉपसमोर उगाचच बसलोय. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी आल्या. बरोबर त्यांचा धाकटा. तिसरीत आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत.

"दादा, तुम्ही इंजिनेर ना ओ? ह्याचं गणित जरा बघा की. बाईंनी वहीभर फुल्याच फुल्या मारल्यात."

इंजिनियर झालेल्या मुलाचा समाजाला काहीतरी उपयोग व्हावा अशी आमच्या मातोश्रींची फार इच्छा आहे. म्हटलं, आज होऊन जाऊ दे. तिसरीचं गणित ते काय, दहा मिनिटांत उरकू आणि मग मॅच बघू.

वही उघडली. संख्यांचं श्रुतलेखन होतं. म्हणजे बाईंनी संख्या उच्चारायची आणि पोरांनी ती अंकात लिहायची. बाईंनी चुकलेल्या संख्येवर फुली मारून शेजारी लाल पेनाने बरोबर संख्या लिहिली होती. पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं ते, "अरे, हे पण येत नाही तुला?" पोरगं मान खाली घालून बसलं. (ह्या वाक्याबद्दल मला अजून लाज वाटते, पण लिहायचं तर सगळं लिहावं.)

मग जरा नीट बघितलं. पोराने लिहिलं होतं ७२, बाईंनी दुरुस्त केलं होतं २७. पोराचं ५३, बाईंचं ३५. पोराचं ८४, बाईंचं ४८. पण ३३ बरोबर होतं. ६६ बरोबर होतं. ५० आणि ३० बरोबर होते. आणि एका जागी पोराने लिहिलं होतं ५१, तिथे हवं होतं ४९.

आता मला सांगा, ज्याने आयुष्यात चार बग सोडवलेत त्याला हे बघून काय वाटेल? हा पोरगा कच्चा नाहीये. हा अत्यंत शिस्तीत चुकतोय! कानावर 'सत्तावीस' पडलं, आधी सात ऐकू आला, त्याने सात लिहिला. मग वीस ऐकू आलं, त्याने पुढे दोन लिहिला. झाले बहात्तर. तेहतीस आणि सहासष्टमध्ये उलटं लिहिलं काय आणि सुलटं काय, सारखंच, म्हणून ते बरोबर. आणि 'एकोणपन्नास' म्हणजे त्याच्या हिशेबाने एक आणि पन्नास, एक्कावन्न. त्याचं लॉजिक तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ आहे. वाकडी आहे ती आपली भाषा.

बोलायला एक, लिहायला दुसरं

आमच्या धंद्यात ह्या भानगडीला नाव आहे. मोठी संख्या संगणकात साठवायची तर तिचे तुकडे एकापुढे एक ठेवावे लागतात. आधी कुठला ठेवायचा? लहान किमतीचा आधी ठेवला तर 'लिटल एंडियन', मोठ्या किमतीचा आधी ठेवला तर 'बिग एंडियन'. ही नावं डॅनी कोहेन ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली गलिव्हरच्या गोष्टीवरून घेतली. उकडलेलं अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं ह्यावरून तिथे युद्धं होतात, त्यावरून. इंटेलचे प्रोसेसर लिटल एंडियन, तर इंटरनेटचे मूळ प्रोटोकॉल बिग एंडियन. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीकच. घोळ होतो तो एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाताना. म्हणून मध्ये उलटापालट करणारं एक छोटं फंक्शन घालावं लागतं. ते विसरलात की दिवसभर डोकं फोडत बसा.

मराठी माणूस नव्व्याण्णवपर्यंत लिटल एंडियन बोलतो आणि बिग एंडियन लिहितो. शंभराच्या पुढे गेलात की आणखी मजा. 'एकशे सत्तावीस' म्हणताना आधी शतक, मग एकदम उडी मारून एकक, मग परत मागे येऊन दशक. आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ह्यांचं तर विचारूच नका. कानावर पडतो तीस आणि लिहायचा दोन. म्हणजे पोराने तीसमधून एक वजा करायचा, मग दशक सुटं करायचं, मग लिहायचं. तेही बाईंनी पुढची संख्या उच्चारायच्या आत! बरं, एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून पोरगं 'एकोणशंभर' म्हणायला जावं, तर तिथे आपण 'नव्व्याण्णव' म्हणून त्याला तोंडावर पाडतो.

आपल्या डोक्यात ती उलटापालट इतकी मुरलीय की ती होते हेही कळत नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला मात्र ती दर वेळी करावी लागते. त्याचं अर्धं लक्ष त्यातच संपतं आणि मग हातच्याची वजाबाकी करायला डोकं उरत नाही. बाईंना वाटतं वजाबाकी येत नाही, आईला वाटतं पोरगं मठ्ठ आहे, आणि हळूहळू पोरालाही तेच वाटायला लागतं.

मावशी मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरी कानडी बोलतात. मला एकदम किडा चावला. स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "मावशी, कानडीत सत्तावीसला काय म्हणतात?"

"इप्पत्तेळु."

इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. वीस सात! म्हटलं, मावशी, पोळ्या जरा थांबवा, बाहेर या आणि मी वहीत दाखवतो त्या संख्या ह्याला कानडीत सांगा. पोरगं सुट्टीत गावी आजोबांच्या किराणा दुकानात बसतं, त्यामुळे कानडी आकडे त्याला पाठ. पाच संख्या सांगितल्या. पाचही बरोबर लिहिल्या. सत्तावीससकट.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. "मग शाळेत काय होतं रे तुला?" आता ह्याचं उत्तर पोराने द्यायचं की आपण?

तीस सहाचा आकडा

ह्या गोष्टीने माझी झोप उडाली त्याचं एक कारण आहे. २०१९ सालचा जून आठवतोय? बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात दोन अंकी संख्या वाचायची आणखी एक रीत दिली होती. सत्तावीसला 'वीस सात', त्रेसष्टला 'साठ तीन'. जुनी नावं काढून टाकली नव्हती, तीही होतीच. पण अख्खा महाराष्ट्र पेटला. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाली म्हणून अग्रलेख आले, विधानसभेत विषय निघाला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून कोट्याही झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर तर विनोदांचा पूर.

त्या पुरात माझीही एक बादली होती. 'छत्तीसचा आकडा' ह्याला आता 'तीस सहाचा आकडा' म्हणायचं का, असा काहीसा विनोद मी तीन ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. नुकताच नोकरीला लागलो होतो, पहिला पगार झाला होता, सगळ्या जगाला अक्कल शिकवायचं वय. हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला होता, चांगलं आठवतंय. पुस्तक उघडून बघितलं होतं का? नाही. समितीचं म्हणणं काय आहे ते वाचलं होतं का? अजिबात नाही.

गणिताच्या त्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं २०२३ च्या जुलैमध्ये निधन झालं. त्यांची पीएचडी होती संख्यासिद्धांतात, म्हणजे नंबर थिअरीत. मराठीतून मुलांसाठी गणितावर लिहिणाऱ्या मोजक्या लोकांपैकी त्या एक. आणि संख्यांवर डॉक्टरेट केलेल्या बाईंना 'तुम्हाला संख्या कळत नाहीत' असं आम्ही सांगत होतो. आम्ही, म्हणजे ज्यांना 'एकोणसत्तर' ऐकलं की मनात आधी सत्तर, मग वजा एक आणि मग सिक्स्टी नाइन असा प्रवास करावा लागतो!

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी असली जोडाक्षरं आणि उलटा क्रम ह्यांनी लहान मुलं गोंधळतात, गणिताला घाबरतात. इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, तिथे हा त्रास नाही. तर मुलांना सुरुवातीला ही सोपी वाट द्या, जुनी नावं बरोबरीने येतीलच. तेव्हा हे वाचलं असतं तर पटलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं. मला पटायला समोर एक पोरगं आणि त्याची वही यावी लागली.

"आम्ही नाही शिकलो?"

तेव्हाचा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच होता. आमच्या आज्या-पणज्या शिकल्या, आम्ही शिकलो, आमचं काय बिघडलं? पावकी, निमकी, सव्वाकी, दीडकी तोंडपाठ असणारी पिढी होती आमची!

आता हे कोण म्हणतंय ते बघा. हे म्हणतायत जे शिकले ते. ज्यांचं बिघडलं ते ह्या चर्चेत नाहीतच. माझ्या गावच्या शाळेत पहिलीला आम्ही होतो त्यातले किती दहावीला होते ते मला माहितीय, आणि जे मधेच गळाले त्यातल्या बहुतेकांचं पहिलं भांडण गणिताशीच झालं होतं हेही माहितीय. त्यांना कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला सदुसष्ट आणि सत्त्याहत्तरमधला फरक कळायला किती दिवस लागले. पूल ओलांडून आलेल्यांनाच पूल मजबूत आहे का असं विचारलं, तर दुसरं काय उत्तर येणार?

ऑफिसात नवीन असताना मी एकदा एका लीडला म्हणालो होतो, "सर, युजर चुकीचं बटण दाबतात, त्याला आपण काय करणार?" तो शांतपणे म्हणाला, एक जण दाबतो तेव्हा युजर चुकतो, सगळेच दाबायला लागले की बटण चुकलंय. हे वाक्य मी नंतर चार ज्युनिअरना ऐकवलंय, फार शहाणपणाचा आव आणून. पण तेच वाक्य शाळेला लावायचं मला कधी सुचलं नाही. शाळेत युजरच चुकतो अशी आपली पक्की समजूत. बटण आपल्या आजोबांनी बसवलेलं असतं ना!

आणि हे बटण चुकल्याचे पुरावे आपल्या मावशींच्या पोरापुरते नाहीत. जर्मन भाषेतही आपल्यासारखंच एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ऐकलेली संख्या अंकात लिहिताना मुलांच्या ज्या चुका झाल्या त्यातल्या जवळपास निम्म्या ह्याच उलट्या क्रमाशी निगडित होत्या. नॉर्वेजियन भाषेतही पूर्वी असंच होतं. तिथे टेलिफोन खात्याची तक्रार होती की नंबर सांगताना फार चुका होतात. मग त्यांच्या संसदेने ठराव केला आणि १९५१ पासून शाळांत आणि सरकारी कामात दशक आधी बोलायचं ठरलं. जुनी पद्धत मेली का? नाही. बरीच माणसं अजूनही जुन्या पद्धतीने बोलतात, सवयीने. नॉर्वेजियन भाषाही बुडाली नाही. आम्हाला मात्र पोरांसाठी पुस्तकात चार ओळी जादा छापल्या तर मराठी बुडायची भीती वाटली.

पाढे, बाजार आणि मराठी

विरोधकांचं सगळंच चूक होतं असं नाही. दोन मुद्दे मला आजही पटतात.

एक म्हणजे पाढे. 'नऊ त्रिक सत्तावीस' ह्याला जो ठेका आहे तो 'नऊ त्रिक वीस सात'ला नाही. आपल्या पाढ्यांची सगळी गंमत त्या आखूड, घट्ट शब्दांत आहे. ते पाठ होतात ते लयीमुळे, आणि पाठ असलेले पाढे आयुष्यभर कामाला येतात. (मी अजूनही बिल वाटून घेताना मनात मराठीतच पाढे म्हणतो. तोंडाने आकडा सांगताना इंग्रजीत, ते सोडा.)

दुसरा मुद्दा बाजाराचा. पोराच्या घरी, भाजीवाल्याकडे, बसमध्ये सगळीकडे सत्तावीसच म्हणणार. तिथे त्याने 'वीस सात' म्हटलं तर लोक हसतील. म्हणजे जुनी नावं शिकावी लागणारच, त्यातून सुटका नाही.

कबूल. दोन्ही कबूल. पण पुस्तकात दोन्ही होतीच की! पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तो काय लग्नातही बांधून जायचा असतो? आधी संख्या कळू दे, दशक आणि एकक कुठे बसतात ते कळू दे, मग त्या संख्येचं लाडाचं नाव शिकव. आपण करतो उलटं. आधी नाव पाठ, मग कळलं तर कळलं.

तिसरा मुद्दा मराठीच्या वैभवाचा. तो मात्र मला आता पचत नाही, आणि त्याचं कारण जरा टोचणारं आहे. २०१९ मध्ये माझ्या ज्या तीन ग्रुपवर हसाहशी चालली होती, त्यातल्या ज्यांना आज पोरंबाळं आहेत त्यातल्या एकाचंही पोरगं मराठी शाळेत नाही. सगळी इंग्रजी माध्यमात. ती पोरं काय म्हणतात? 'ट्वेंटी सेव्हन'. म्हणजे वीस सात! तेरा ते एकोणीस सोडले तर इंग्रजीत सगळं सरळ. आमच्या मित्राच्या मुलीला मी 'अडतीस' म्हटलं तर ती बापाकडे बघते आणि बाप कौतुकाने सांगतो, थर्टी एट. तिच्यावर मराठीचं वैभव सांभाळायची जबाबदारी नाही. ती जबाबदारी आपण कोणावर टाकली? स्वयंपाकाच्या मावशींच्या, वॉचमनकाकांच्या, ऊसतोड कामगाराच्या पोरावर. त्याने त्र्याण्णवचं जोडाक्षर गिरवत बसायचं आणि आपण त्याच्या वतीने भाषेचा अभिमान बाळगायचा. आपल्या पोराला लिफ्ट आणि त्याच्या पोराला गडकिल्ल्याची पायवाट, वर पुन्हा 'पायवाट किती सुंदर आहे बघ' हे ऐकवायचं.

मी हे दुसऱ्यांना म्हणत नाहीये. मला अजून मूल नाही, पण झालं तर मी त्याला कुठल्या शाळेत घालीन हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

मग शाळा शिकवतात की नाही?

आपण चहाच्या टपरीवर हा प्रश्न दर आठवड्याला सोडवतो. हल्लीच्या शाळा काही शिकवत नाहीत, सिलॅबस जुना, शिक्षक कामचुकार, पोरं मोबाईलमध्ये. आणि पुरावा म्हणून इंटरव्ह्यूला आलेले फ्रेशर्स. मीही हेच बोलत आलोय.

आकडे बघायचे तर 'असर' ह्या सर्वेक्षणाचे बघावेत. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि साधी गणितं करायला देते. २०२४ च्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातली ९८ टक्क्यांच्या वर मुलं शाळेत दाखल आहेत. म्हणजे 'शाळेत घाला' हा माझ्या आजीच्या काळचा लढा आपण जवळपास जिंकलोय, आणि ही लहान गोष्ट नाही. पण त्याच अहवालात तिसरीतल्या मुलांपैकी वजाबाकी येणारी मुलं आहेत सुमारे ३४ टक्के. ही वजाबाकी म्हणजे दोन अंकी, हातच्याची. २०२२ मध्ये ती २६ टक्के होती, म्हणजे कोरोनानंतर सुधारणा नक्की आहे. तरी तिघांतल्या दोघांना येत नाही. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमतं ३१ टक्क्यांना.

हे देशभरातल्या खेड्यांचे आकडे आहेत. आमच्या मावशींचा पोरगा पुण्यातला, त्यामुळे तो ह्यात मोजलाच गेलेला नाही. आणि सगळा दोष संख्यांच्या नावांचा, असं म्हटलं तर तो मूर्खपणा होईल. एका बाईंसमोर दोन-दोन वर्ग असतात, निवडणुकीची कामं असतात, घरी वही बघणारं कोणी नसतं, शंभर कारणं आहेत. कानडीत दशक आधी बोलतात म्हणून कर्नाटकातली सगळी पोरं काही गणितात हुशार झालेली नाहीत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला नीट वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं असं त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण उद्दिष्ट गाठायचं तर वाटेतले दगड उचलावे लागतील, आणि काही दगड आपणच देव्हाऱ्यात नेऊन ठेवलेत.

म्हणून हल्ली मी माझा प्रश्न जरा बदललाय. एखादं पोरगं पुन्हापुन्हा एकाच प्रकारे चुकतं तेव्हा शाळेत कोणाला 'हे असंच का चुकतंय' असं वाटतं का? त्या वहीवरच्या फुल्यांत अख्खं उत्तर होतं. बाईंनी ते वाचलं नाही. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांच्यासमोर अशा चाळीस वह्या असतील आणि माझ्यासमोर रविवारची एक होती. तरीही मी पहिल्यांदा काय म्हणालो ते वर लिहिलंच आहे. पण ज्या वेळी त्याच व्यवस्थेतल्या काही जाणत्या लोकांनी ह्या फुल्या वाचल्या, चूक पोराची नसून वाटेची आहे हे ओळखलं आणि छापील पुस्तकात उपाय सुचवला, त्या वेळी आपण काय केलं? शाळा शिकवत नाहीत म्हणून वर्षभर गळे काढणाऱ्या आपण त्यांची टिंगल केली. पुन्हा असलं काही करायला कुठली समिती धजावेल?

शाळा पुरेसं शिकवत नाहीत हे खरंच आहे. पण शाळेत नवीन काही घडायला लागलं की सगळ्यात आधी हसतो तो शिकलेला, पगारदार, स्वतःचं पोरगं दुसऱ्या शाळेत घातलेला माणूस. त्यातला एक मी होतो.

असो.

तर त्या रविवारी मॅच राहिलीच. दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी घेऊन बसलो. (युपीआयच्या जमान्यात सुटे पैसे शोधायला रूममेटला उठवावं लागलं. त्याने मला आणि गणिताला एकत्र शिव्या दिल्या.) दोन नोटा, सात नाणी. वीस सात. हेच सत्तावीस. आधी नोटा लिहायच्या, मग नाणी. चार नोटा, नऊ नाणी. चाळीस नऊ. अजून एक नाणं आलं की पाच नोटा, म्हणून पन्नासला एक कमी, एकोणपन्नास. तासाभराने पोरगं बरंचसं बरोबर लिहायला लागलं. बरंचसं. मधेच परत एकदा ८३ च्या जागी ३८ आलंच. सवय अशी एका रविवारी जात नाही.

जाताना दारात चपला घालता घालता त्याने विचारलं, "दादा, पण नोटा आधी लिहायच्या असतात, तर मग सत्तावीसमध्ये आधी सात कशाला म्हणतात?"

संस्कृतातून तसं आलंय, जुन्या काळी एककापासून मोजत जायचे, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिसरीतल्या पोराला ते काय पटणार. म्हटलं, "आमच्या वेळेपासून तसंच चालत आलंय रे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आम्ही क्लायंटच्या 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' ह्या वाक्यावर एकमेकांकडे बघतो. आणि गेला.

पुढच्या रविवारी परत येणार आहे. ह्या वेळी सुटे पैसे आधीच आणून ठेवलेत.